झडीतला पट

धानाचा रोवणा आटोपतो, पऱ्हे (रोपं) बांधीत धरतात आणि मग झड लागते. या दिवसांत आमच्या छपरीत खडूने पाच बाय पाच घरं आखली जातात. चारही बाजूंच्या मधल्या घरांत फुली आणि मधोमध एक मोठी फुली. चिंचोके फोडून केलेल्या चार फोडी उधळायच्या. सगळ्या पांढऱ्या पडल्या तर चार, सगळ्या काळ्या तर आठ. सोंगट्या म्हणून लाखोळीचे दाणे, बांगडीचे तुकडे, खडे. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या वळशात शिरता येत नाही, हा जुना कायदा.

नातवंडांना मात्र तेवढ्याने भागेना. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नवीनच पट काढला. इटियाडोहाच्या कालव्याशी निघायचं, नवेगावबांध, नागझिरा करत तिरोड्याकडे वैनगंगेला पोचायचं. नागझिऱ्याच्या घरात सोंगटी आली की मालकाने फेरीभर तोंड उघडायचं नाही. जंगलात गप्प राहावं लागतं ना! सारसाच्या घरातून एकटी सोंगटी हलत नाही, जोडीदार येईपर्यंत थांबते. धानाच्या बांधीत जोडीने फिरणारे सारस इथल्या पोरांनी पाहिलेले असतात. उभ्या महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. म्हणून हा नियम कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

सगळ्यात मोलाचा नियम आजीचा. पटावर तलाव काढले होते, पण ते नुसतेच निळे गोल. आजी म्हणाली, "तलावात पानी साठते, तसं दान साठवा. आज पडलं ते आजच चालाची काय गरज?" तेव्हापासून तलावाच्या घरात पडलेलं दान शिल्लक ठेवता येतं आणि अडचणीच्या वेळी वापरता येतं. धान निसवताना पाऊस दडी मारतो, तेव्हा तलावाचं पाणी पीक कसं तारतं, हे आजीने जन्मभर पाहिलं आहे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळींनी घातला असं सांगतात. असे कितीतरी तलाव या भागातल्या कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. त्यांची ती दूरदृष्टी आजीने एका चालीत बसवली. मला हा नियम कोणत्याही छापील खेळातल्या नियमापेक्षा सरस वाटतो.

पटावर आपलं जग मांडण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप होते. दुकानातल्या पेटीत नियम आधीच ठरून येतात. घरच्या पटावर मात्र सात वर्षांचं पोर आजीशी भांडून नियम बदलून घेतं, आणि बदललेला नियम त्यालाही पाळावा लागतो. मागच्या झडीत पटावरच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाजवळ एक घर वाढलं, एक नियम रद्द झाला.

तुमच्या गावाचाही असा पट आखा. नदी, बाजार, टेकडी तुम्ही काढा. पण पहिला नियम घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा.