कॉफीचा वाटा

परवा आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "तुमच्या त्या ऑफिसात कॉफीचं अजून तूच बघतोस का रे?" मी हो म्हटलं. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, "बरं. थोडं जायफळ घालत जा."

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळाची. तीही रोज नाही. कुणी आजारी असलं, कुणाचा उपास असला, किंवा रात्री उशिरा पाहुणे टपकले की. चहा माणसांसाठी आणि कॉफी प्रसंगांसाठी, अशी सरळ विभागणी होती. आजी पोलसनच्या कॉफीच्या आठवणी काढायची, तेवढाच काय तो आमच्या घराण्याचा कॉफीशी संबंध. अशा घरातला मी गेली सात-आठ वर्षं वीस माणसांच्या रोजच्या फिल्टर कॉफीची व्यवस्था बघतोय, म्हणजे बघा!

आमचं ऑफिस म्हणजे खारदांड्यातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला. कुणाचंच एकट्याचं नाही. भाषांतर करणारा मी, दोन आर्किटेक्ट, मालिकांचं संकलन करणारी एक मुलगी, सीएच्या परीक्षेला वारंवार बसणारा एक सज्जन, अशी वीस खुर्च्यांची खिचडी. महिन्याचं भाडं वाटून घ्यायचं आणि आपापलं काम करायचं. इंग्रजीत याला को-वर्किंग म्हणतात. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत एकाने अशी जागा काढली आणि ते नाव रूढ झालं म्हणे. आम्ही आपले 'वरचा मजला' म्हणतो. खाली गल्ली, गल्लीत जाळी, आणि पावसाळा नसेल तेव्हा बांबूंवर वाळणारे बोंबील. नवा माणूस पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावतो. पंधरा दिवसांनी त्याला वासच येत नाही.

कॉफीची गरज का पडली? कारण कार्टर रोड आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि तिथे कॉफी पिणं म्हणजे बँकेचं खातं तपासून बाहेर पडणं. चुईमच्या रस्त्यावर तेव्हा कोइनोनियावाले स्वतः कॉफी भाजून विकायला लागले होते. उत्तम कॉफी. पण दिवसातून दोनदा पिण्याची आमची कुणाची ऐपत नव्हती. दुसऱ्या टोकाला बाटलीतली झटपट पावडर होती. ती पिऊन पिऊन आमची तोंडं वाकडी झाली होती. मधलं काहीतरी हवं होतं.

मधलं म्हणजे माटुंगा. खार रोडला धीमी गाडी पकडायची, माटुंगा रोडला उतरायचं, झेड ब्रिज ओलांडायचा. म्हैसूर कन्सर्न्ससारखी जुनी दुकानं तिथे आहेत आणि पूल उतरून बाजाराकडे वळलं की वास आपला हात धरून घेऊन जातो. तिथल्याच एका दुकानातून मी पावडर आणायला लागलो. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. (आपल्याकडच्या नियमाप्रमाणे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते. पुडीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचत जा!) पितळेचा मोठा फिल्टर आणला. मापाचा चमचा १२ ग्रॅमचा. एका वेळी दहा चमचे घालायचे, दहा कपांचा डिकॉक्शन गळतो. पावडर तेव्हा किलोला ४८० रुपयांनी मिळायची, म्हणजे कपाला पावणेसहा रुपये. दूध-साखर-गॅस धरून साडेनऊ. आम्ही कप १० रुपयांना ठेवला आणि शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ज्याने त्याने कप भरायचा आणि दहाची नोट टाकायची. वहीत लिहायचं नाही, कुणी बघायचं नाही. मला त्या डब्याचा फार अभिमान होता.

कॉफी करायच्या मावशी. त्या मागच्याच गल्लीतल्या. सकाळी मासळी विकून, अंघोळ करून, दहाला आमच्याकडे यायच्या. झाडूपोछा, मग फिल्टर लावणं. त्यांचे यजमान बोटीवर. मावशींना कॉफीचं आधी काहीच कौतुक नव्हतं, पण पितळेचा फिल्टर त्यांनी चिंचेने असा घासून ठेवला की आर्किटेक्ट लोक त्याचे फोटो काढायला लागले. रोज एक कप त्याही घ्यायच्या. त्यांच्या कपाचे अर्थातच पैसे नव्हते.

आता २०१८च्या जुलैत येऊ. २३ जूनपासून राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली होती, त्यामुळे प्रत्येकजण घरून आपापला कप घेऊन आला होता. पाऊस धो धो. बंदीच्या काळातल्या बोटी किनाऱ्यावर ताडपत्री पांघरून बसलेल्या. महिन्याअखेरीस मी हिशोबाला बसलो. पावडर संपली होती ६ किलो. १२ ग्रॅमने ५०० कप. मावशींचे २५ वजा केले तर ४७५. डब्यात हवे ४७५० रुपये. निघाले ३३८०.

मी तीनदा मोजले. १३७० रुपये कमी.

पहिला संशय नव्या कपांवर. पण डिकॉक्शन आम्ही छोट्या पळीने घालायचो, मोठा कप आणला तरी त्यात दूधच जास्त पडणार. मग पावसावर. कॉफीची पावडर ओल आणि वास दोन्ही शोषून घेते. तिकडे मलबार किनाऱ्यावर तर मुद्दाम हिरव्या बिया पावसाळाभर उघड्या गोदामात दमट वाऱ्यावर ठेवतात, त्या फुगतात, पिवळट होतात आणि 'मॉन्सून्ड मलबार' म्हणून जगभर विकल्या जातात. आमच्या पावडरीचं मात्र असं काही सोनं झालं नव्हतं. डबा घट्ट होता, पावडर कोरडी होती.

मग कुणीतरी ते वाक्य बोललं. कोण ते सांगत नाही, कारण आम्हा तिघा-चौघांच्या मनात ते आधीच येऊन बसलं होतं. "डब्याजवळ दिवसभर कोण असतं?"

मी 'छे छे' म्हणालो. खरंच म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी डबा उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. कारण काय दिलं? "तिकडे ओल येते." पत्र्याच्या डब्याला ओल!

मावशी काही बोलल्या नाहीत. नेहमीप्रमाणे फिल्टर लावला, कपबशा विसळल्या. अकराच्या सुमारास त्यांनी आपला कप भरला, माझ्या टेबलापाशी आल्या, पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली आणि डब्यात टाकली. मी म्हटलं, "अहो मावशी, तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या, "सगळे टाकतात ना." आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

ती नोट डब्यात पडताना आवाज होत नाही हो. तरी मला दर वेळी ऐकू यायचा.

आठवडाभराने आमची संकलक मुलगी सहज म्हणाली, "गेला महिनाभर कॉफी काय झकास होतेय! पावडर बदललीस का?" पावडर तीच होती. मग बदललं काय? मी स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडला, आणि आतला चमचा बघून माझ्या पोटात गोळा आला. जुना मापाचा चमचा जूनच्या शेवटी कुठेतरी हरवला होता. त्याच्या जागी घरून स्टीलचा चमचा मीच आणून टाकला होता. मी. स्वतः. "साधारण तेवढाच आहे" असं म्हणून.

खालच्या किराणावाल्याकडे गेलो, त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दहा चमचे पावडर घातली. १६५ ग्रॅम.

आता हिशोब करा. १६५ ग्रॅमने ६ किलोत फिल्टर लागतो ३६ वेळा. म्हणजे ३६० कप. मावशींचे २५ वजा, राहिले ३३५. डब्यात यायला हवे होते ३३५० रुपये. आले होते ३३८०. वीस माणसांनी महिनाभर, कुणी बघत नसताना, एकूण एक कपाचे पैसे टाकले होते, वर तीस रुपये जास्तच. आणि मावशी मी सांगितलेले दहा चमचे इमानाने मोजून घालत होत्या. कप दहाला विकून आम्ही तो साडेअकराला करत होतो, एवढंच. चूक होती ती माझ्या चमच्यात, आणि त्याहून मोठी माझ्या डोक्यात.

संध्याकाळी मावशींना गाठलं. माफी मागायचा मला सराव नाही, त्यामुळे मी आधी ग्रॅम आणि किलोचं व्याख्यानच दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, "मावशी, डबा मी ओलीमुळे नव्हता हलवला." त्या म्हणाल्या, "ते कळलं व्हतं मला." मग थोड्या वेळाने, "तुमी लोकं कप मोजता, तिथंच चुकता."

म्हणजे काय, ते त्यांनी बोटीचं उदाहरण देऊन सांगितलं. बोट आली की डिझेल-बर्फाचा खर्च आधी बाजूला काढायचा. उरलेल्याचे वाटे. एक बोटीचा, एक जाळ्याचा, मग माणसांचे. पण ह्या सगळ्याच्या आधी प्रत्येकाच्या घरी कालवणापुरती मासळी जाते. "ती कुणी मोजत न्हाय. कालवणाची मासळी मोजाया लागलात तर बोटीवर मानसं टिकतील का?"

आमच्या सगळ्या घोळाचं उत्तर त्यात होतं. आम्ही कॉफी बाजाराच्या मासळीसारखी मोजत होतो, आणि ती होती कालवणाची.

घरी येऊन मी थोडं वाचत बसलो. इंडिया कॉफी हाऊस आपल्याला माहीत असतं ते दिल्लीचं, कोलकात्याचं. पण त्यातलं पहिलं १९३६ साली आपल्या मुंबईत, चर्चगेटला निघालं होतं. कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने काढलेलं. पुढे पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डाने ही हॉटेलं बंद करायला घेतली, माणसं रस्त्यावर यायची वेळ आली. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच आपल्या सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ साली बंगळूरला. म्हणजे जो कप भरून देतो तोच मालकही! स्वस्त कॉफी देशात इतकी वर्षं टिकली ती अशी. आमच्या मजल्यावर मात्र कप भरून देणारं माणूस हे एकच असं होतं ज्याला वाट्यात धरलेलं नव्हतं. त्यांना आम्ही कप 'फुकट' देत होतो. फुकट आणि वाटा यात केवढा फरक आहे!

२६ ऑगस्टला नारळी पौर्णिमा झाली. सप्टेंबरच्या एक तारखेपासून आम्ही डबा काढून टाकला. दर महिन्याला माणशी २५० रुपये भाड्यातच धरायचे. कुणी एक कप पितो, कुणी तीन, कुणी सुट्टीवर असतो. सीएवाले सज्जन चहाच पितात, म्हणून त्यांच्यासाठी त्यातच चहापत्ती. त्यांनी दोन दिवस कुरकुर केली, मग गवती चहाची मागणी केली, ती मान्य झाली. यादीत एकवीस नावं लिहिली. एकविसावं मावशींचं, त्यापुढे रकमेच्या जागी 'हाताचा वाटा'. आणि एक छोटा वजनकाटा आणला.

गंमत म्हणजे मोजणं बंद झाल्यावर खप वाढेल अशी मला धास्ती होती. फारसा नाही वाढला. माणूस शेवटी पिऊन पिऊन किती कॉफी पिणार! वाढलं ते स्वयंपाकघरात उभं राहून बोलणं. पूर्वी कप भरून, नोट टाकून लोक खुर्चीवर परत जायचे. आता दहा-पंधरा मिनिटं रेंगाळतात. माझी दोन कामं तिथे उभ्या उभ्याच मिळाली.

मार्च २०२० मध्ये मजला बंद झाला. पुन्हा उघडला तेव्हा निम्मीच माणसं परत आली, आणि उरलेल्या पावडरीला बुरशी होती. मग हळूहळू खुर्च्या भरल्या. २०२४ मध्ये पावडरीने हिसका दाखवायला सुरुवात केली. तिकडे व्हिएतनाममध्ये आणि ब्राझीलमध्ये पावसाने दगा दिला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर जाऊन विक्रम करून बसली. त्याचा झटका दांड्याच्या वरच्या मजल्यापर्यंत पोचला. वाटा २५० वरून ४०० करावा लागला. मी घाबरत घाबरत बैठक बोलावली. एकाने सुचवलं की चिकोरी वाढवू. एकाने सुचवलं, त्यापेक्षा कप मोजू, जो जास्त पितो त्याने जास्त भरावं.

मी काही बोलायच्या आत आतून काट्यावर पावडर मोजता मोजता मावशींचा आवाज आला, "चारशे द्या गपगुमान."

दिले सगळ्यांनी.

तो स्टीलचा चमचा अजून आहे. मावशींनी त्याला साखरेच्या डब्यात बदली दिली आहे. जायफळाचं मात्र आईला कसं सांगावं ते सुचत नाही... एकदा तिलाच इकडे घेऊन येतो. मावशी आणि ती काय ते बघून घेतील.

असो. अकरा वाजले, डिकॉक्शन गळून झाला असेल. उठतो.