पेंचच्या पाण्यावर डिझेलचा तवंग

कामठीहून कन्हान नदीचा पूल ओलांडला की पारशिवनी तालुक्याची हद्द लागते. सुरुवातीला कोळसा खाणींचे काळे ढिगारे आणि ट्रकांच्या रांगा दिसतात. आमडी फाट्यावरून आत वळलं की चित्र बदलतं. धानाची कापलेली शेतं, कापसाच्या पऱ्हाट्या, मिरचीचे वाफे आणि समोर सातपुड्याच्या निळसर रांगा. पारशिवनी गाव मागे टाकून थोडं पुढे गेलं की नवेगाव खैरीचं धरण येतं, आणि कोरड्या विदर्भात एवढं पाणी कुठून आलं, असा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो.

हे पाणी पेंच नदीचं. मध्यप्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून, जंगलातून वाट काढत ती महाराष्ट्रात उतरते. वरच्या अंगाला तोतलाडोहचं मोठं धरण आहे, त्याखाली नवेगाव खैरीचं. भोवतालच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. लोक इथे वाघ पाहायला येतात. पण वाघ दिसो वा न दिसो, नागपूरकर रोज सकाळी नळ उघडतो तेव्हा बहुतेक वेळा पेंचच त्याच्या भांड्यात पडत असते. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांनाही हीच नदी पाणी पुरवते. उरलेलं पाणी घेऊन ती कामठीजवळ बिना येथे कन्हानला मिळते. म्हणजे खैरीच्या काठावर जे पाण्यात पडेल, ते आज ना उद्या आपल्याच दाराशी येणार.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही घरचे पाच जण इथे आलो. सोबत आमच्या मोहल्ल्यातले एक डिझेल मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणतात. धरणाच्या पाण्यात जाळी आणि मासळी वाहणाऱ्या एका लोखंडी नावेची डिझेलची टाकी गळत होती, ती पाहायला त्यांना बोलावलं होतं. मुलांना पाणी पाहायचं होतं, चाचांना सोबत हवी होती. अशी आमची सफर ठरली.

नाव काठाला बांधलेली होती. नावाडी भाऊ तिशीतला, पिढीजात मासेमारी करणारा. नावेच्या तळाशी चारपाच बोटं पाणी साचलेलं, आणि त्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत तवंग. मुलांना तो फार सुंदर वाटला. भाऊ डबा घेऊन ते पाणी धरणात उपसायच्या बेतात होता. चाचांनी लांबूनच हाक दिली, “बेटा, थांब. आधी डबा खाली ठेव.”

टाकी गळते म्हटलं की माणूस आधी भोकाकडे धावतो. चाचांचा क्रम वेगळा होता. प्रथम इंजिन बंद. मग टाकीच्या तोंडाशी असलेला कॉक बंद. कुणी बिडी पेटवणार नाही याची ताकीद. आणि नावेतला एक थेंबही बाहेर जाणार नाही याची व्यवस्था. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम भरतं, म्हणून ते वर तरंगतं. वरचा थर अलगद टिपून घेता येतो. मात्र एकदा ते धरणात सोडलं की वारा त्याचा इतका पातळ पापुद्रा पसरवतो की मग ते कुणाच्याच हाती लागत नाही. त्यावर साबणाचं पाणी ओतलं तर तवंग दिसेनासा होतो खरा, पण डिझेल कुठे जात नाही. बारीक थेंबांत फुटून ते पाण्यात खोलवर मिसळतं आणि माशांना अधिक घातक ठरतं.

टिपायला काय घ्यायचं? उत्तर रस्त्याच्या कडेलाच होतं. भाऊने शेजारच्या घरून न पिंजलेला, न धुतलेला कापूस आणला. कच्च्या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणाचा लेप असतो, त्यामुळे तो पाणी चटकन शोषत नाही, तेल मात्र ओढून घेतो. जुन्या पातळ कापडात कापूस भरून त्याच्या उशा केल्या आणि तळाच्या पाण्यावर फिरवल्या. घटकाभरात उशा जड झाल्या आणि पाण्यावरचे रंग विरळ झाले. २०२० च्या जुलैमध्ये मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ ‘वाकाशिओ’ नावाचं जहाज खडकावर रुतलं आणि सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा तिथल्या घराघरांतल्या माणसांनी कापडी पिशव्यांत उसाची पाचट भरून तेल अडवायचे लांब बांध तयार केले होते. आम्ही मुलांना ती हकिगत सांगितली. एवढ्या मोठ्या आपत्तीत जे सुचलं, त्याचंच लहान रूप त्यांच्या हातात होतं.

गळती किती, हेही मोजून पाहिलं. औषधाच्या बाटलीचं पाच मिलिलिटरचं झाकण थेंबाखाली धरलं. ते भरायला पाच मिनिटं लागली. सातवीतल्या आमच्या मुलीने वाळूवर हिशेब मांडला. तासाला ६० मिलिलिटर, दिवसाला १४४० मिलिलिटर, म्हणजे आठवड्याला दहा लिटर. भाऊ हिशेबाकडे पाहतच राहिला. “थेंब थेंब म्हणून आम्ही लक्षच नाही दिलं,” तो म्हणाला. त्याच्या खिशातून आठवड्याला दहा लिटरचे पैसे जात होते, ते वेगळंच.

आता भोक शोधायचं. चाचांनी टाकी वरपासून खालपर्यंत कोरडी पुसली, नळीच्या जोडांवर आणि टाकीच्या शिवणीवर खडूची पूड लावली. जिथे खडू काळसर ओला होतो, तिथे गळती. नळ्या आणि जोड कोरडे राहिले. ओल दिसली ती टाकीच्या बुडाशी. तिथे खडखड होऊ नये म्हणून गोणपाट घातलेलं होतं. ते सदैव ओलं राहायचं आणि त्याखाली पत्रा गंजून गेला होता. आतूनही तेच. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या थंडीने हवेतला दमटपणा पाणी होऊन खाली उतरतो. ते पाणी डिझेलच्या तळाशी बसतं, त्यात सूक्ष्म जीव वाढून शेवाळासारखा चिकट गाळ होतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी आणि तळाचं पाणी अधूनमधून काढून टाकावं.

भोकावर चाचांनी कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासली. साबण डिझेलमध्ये सहज विरघळत नाही, त्यामुळे गळती काही वेळ थांबते. तेवढ्या अवधीत त्यांनी टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढून घेतलं.

भाऊने हात जोडले. “चाचा, आता रिकामीच हाय तर एक टाका मारून द्या न. उद्या नाव न्या लागते.” गावात वेल्डिंगवाला होता, तासाभराचं काम होतं. नाव एक दिवस बंद म्हणजे घरात एक दिवसाची कमाई बंद. त्याची अडचण खोटी नव्हती.

चाचांनी मान हलवली. “बेटा, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. भरलेलीत तेल असतं, रिकामीत वाफ असते.” आतल्या पत्र्याला चिकटलेलं डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ होतं, बंद जागेत हवेशी मिसळतं आणि एका ठिणगीवर टाकीचा बॉम्ब होतो. टाकी पूर्ण धुऊन, वाफेने साफ करून मगच तिला आग दाखवायची, आणि तेही जाणत्या माणसाने. शिवाय एक भोक बुजवलं तरी सगळं बूड पातळ झालेलं, दुसरं भोक शेजारीच तयार असणार. “कमाई एक दिवसाची, जान एकदाचीच,” एवढंच ते बोलले.

पण नुसतं नाही म्हणून ते उठले नाहीत. जुनी टाकी त्यांनी उतरवून घेतली. तिच्या जागी जाड प्लॅस्टिकचा स्वच्छ डिझेल कॅन पट्ट्यांनी घट्ट बांधला. त्यात इंजिनला जाणारी नळी आणि इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी नळी, अशा दोन्ही सोडल्या. झाकणाला हवेची वाट ठेवली आणि खाली पसरट ट्रे ठेवला. नवीन टाकी तयार होईपर्यंत दोनतीन दिवस, तेही काठाजवळच आणि नजर ठेवून. नाव दुसऱ्या दिवशी पाण्यात जाणार होती. भाऊच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तेलाने भिजलेल्या उशा आणि नावेतलं पाणी झाकणाच्या डब्यांत भरून चाचांनी कामठीला आणलं, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे देण्यासाठी. जमिनीत ओतलं तर ते विहिरीत उतरतं, जाळलं तर छातीत.

जोहरची वेळ झाली. काठावर जरा वरच्या अंगाला स्वच्छ पाण्याने वुजू केलं. पाण्याचा रंग, वास आणि चव बदलली आहे का ते पाहावं, हे आपण मुलांना वुजूच्या पहिल्या धड्यात शिकवतो. वाहत्या नदीच्या काठी असलात तरी वुजूत पाणी उधळू नका, ही नबी करीम (सल्ल.) यांची शिकवणही सांगतो. साचलेल्या पाण्यात घाण करण्याची मनाई तर त्याहून स्पष्ट आहे. धरण म्हणजे तरी काय? लाखो माणसांसाठी साचवून ठेवलेलं पाणी. आपल्या हाती आलेली ती अमानत आहे.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे नाव असेल. पण रिक्षा, ट्रॅक्टर, शेतातला पंप, दुकानामागचा जनरेटर अनेक घरांत आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारली. वाऱ्यावर चालणाऱ्या अशा नौकेतही एक डिझेल इंजिन असतंच. जिथे डिझेल आहे, तिथे कधी ना कधी गळती आहे. ती दिसली की आधी कॉक बंद करावा, आग दूर ठेवावी, सांडलेलं टिपून डब्यात भरावं, गटारात किंवा नाल्यात लोटू नये, आणि टाकीवर घाईने वेल्डिंग करू देऊ नये. पारशिवनीच्या धरणातून निघालेलं पाणी नागपूरला आणि नदीने कामठीला जातं. वाटेत कुणी त्यात काय मिसळलं, हे पिणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे जो काठावर उभा आहे, त्यानेच पिणाऱ्याचा विचार करायचा असतो.