वजा एक फेरी

क्रॉस-कंट्री माउंटन बाईक शर्यतीचा निकाल पहिल्यांदा हाती घेणारा जरा थबकतो. वरच्या नावांपुढे तास, मिनिटं, सेकंद लिहिलेले असतात. थोडं खाली आलं की वेळ थांबते आणि वजाचं चिन्ह सुरू होतं. वजा एक फेरी. वजा दोन. वजा तीन. धावण्याच्या शर्यतीत सर्वांत शेवटी पोचणाऱ्यालाही त्याची वेळ मिळते. इथे ती कमवावी लागते.

डोंगरात साधारण चार ते सहा किलोमीटरचा एक वळसा आखलेला असतो आणि तोच पुन्हा पुन्हा पुरा करायचा असतो. मोठ्यांची शर्यत सुमारे दीड तास चालते, ज्युनियर गटाची तास-सव्वा तास. मात्र त्यात ८० टक्क्यांचा एक नियम असतो. आघाडीच्या सायकलपटूने पहिली फेरी १५ मिनिटांत मारली, तर तिचे ८० टक्के म्हणजे १२ मिनिटं. जो आघाडीपासून १२ मिनिटांनी मागे पडला, त्याला ती फेरी संपताच पंच बाजूला घेतात. वाट एकेरी आणि दगडांची असते, मागून फेरी चढवत येणाऱ्यांना ती मोकळी मिळायला हवी. नियमात गैर काही नाही. पण सतरा वर्षांच्या मुलीला पंचांचा आडवा हात दिसतो, तेव्हा तिच्या पायांत अजून एक फेरी शिल्लक असते. शर्यत चालूच राहते, तिच्यावाचून.

माझ्या ज्युनियर वर्षांतल्या कितीतरी शर्यती अशा वजाच्या खात्यात जमा आहेत. आणि डोंगराने मला जे काही दिलं, ते बहुतेक त्याच खात्यातून मिळालं.

आमचा सराव साताऱ्याला, यवतेश्वरच्या डोंगरावर, गुरांनी आणि गुराख्यांनी पाडलेल्या वाटांवर चालायचा. दगड आणि माती मी तिथे चाकांनी वाचायला शिकले. मुरमाच्या चढावर मागचं चाक नुसतं फिरतं आणि सायकल जागची हलत नाही. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरतं, तिथे ब्रेक दाबला की अंग जमिनीवर. माथ्यावरचा जांभा खडबडीत, छिद्राछिद्रांचा, त्यावर टायर धरून चालतो. उन्हाळ्यात उतारांवर घसारा मोकळा होतो आणि सबंध वाट पायाखालून सरकते. बाभळीचा काटा मात्र बारमाही. दख्खनचं पठार लाव्हाच्या थरांचं बनलं आहे, हे भूगोलात शिकवतात. त्या थरांवरून खाली उतरताना एकेक पायरी कोपरांत आणि मनगटांत वाजते, तेव्हा ते खरं कळतं.

चढावर सगळा खेळ वजनाचा. मागे रेलून बसलं तर पुढचं चाक उचलतं, उभं राहून पुढे झुकलं तर मागच्या चाकाची पकड सुटते. म्हणून सीटच्या टोकाशी यायचं, कोपरं खाली पाडायची, छाती हँडलकडे न्यायची आणि पाय एका लयीत फिरवत ठेवायचे. उताराला सगळं उलट. सीटच्या मागे सरकायचं, दोन्ही पेडल एका पातळीत, ब्रेकवर एकेकच बोट, गुडघे सैल. आणि नजर लांब. दगडाकडे पाहिलं तर चाक दगडावरच जातं, दगडापलीकडच्या वाटेकडे पाहिलं तर ते दगड चुकवून जातं. आमचे सर यापलीकडे फारसं बोलत नसत. उताराच्या तोंडाशी उभे राहून ते एवढंच म्हणत, "पुढे बघ गं, पुढे बघ."

शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्या जणी ट्रॅक पायी फिरतात. अवघड जागी थांबतात, वाकून पाहतात, दगड हाताने हलवून बघतात. अशा जागी बहुधा दोन वाटा असतात. ए लाइन जवळची पण कठीण, सरळ दगडावरून उडी घेणारी. बी लाइन वळसा घालून जाणारी, काही सेकंद खाणारी, पण सुखरूप उतरवणारी. आम्ही दगडांना नावं द्यायचो. एकाचं नाव म्हैस, एकाचं उंबरठा. नाव दिलं की दगडाची भीती निम्मी होते. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत. मांड्या पेटलेल्या असतात, तोंडात धूळ असते, आणि आदल्या दिवशी सोपी वाटलेली म्हैस अचानक मोठी होऊन वाटेत बसलेली दिसते. तेव्हा ए की बी, हे स्वतःच ठरवायचं असतं. सर लांब असतात, आई-बाबा त्याहून लांब. कुणाच्याही सल्ल्यावाचून निर्णय घ्यायचा आणि पुढच्याच क्षणी तो आपल्या हाडांवर झेलायचा, असा प्रसंग आपल्याकडे वयात येणाऱ्या मुलींच्या वाट्याला फार कमी येतो. मला तो दर फेरीला येत होता.

सुरुवातीला रांगा लावतात. ज्यांची क्रमवारी वरची त्यांचं नाव आधी पुकारतात आणि त्या पुढे उभ्या राहतात. नवी मुलगी शेवटच्या रांगेत. तिथून डोंगर दिसत नाही, फक्त पाठी दिसतात. शिट्टी होते, चेनचा एकच खडखडाट होतो, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांना त्या अरुंद वाटेचं तोंड गाठायचं असतं, कारण आत शिरल्यावर पुढे जायला जागा नाही. मागे राहिलेलीच्या वाट्याला धूळ येते आणि थांबणं येतं. पुढची घसरली की मागच्या दहा जणी पाय टेकतात. आघाडी तेवढ्यात पहिल्या वळणाआड गेलेली असते. वजाची बीजं पुष्कळदा इथेच पडतात, म्हणून निकालावरून कुणाच्या दमाचा अंदाज करू नये.

मग मात्र गर्दी विरते. एक चढ येतो आणि प्रत्येक मुलगी आपापल्या श्वासापाशी एकटी होते. कानात रक्ताचे ठोके, खाली टायरचा करकर आवाज, दूर माळावर एखादी टिटवी. घामाचं मीठ डोळ्यांत उतरतं आणि पुसायला हात मोकळा नसतो. दुसऱ्या फेरीला त्याच वाटेने जावं तर वाट बदललेली असते. इतक्या चाकांनी वळणावरचा मुरूम बाहेर लोटलेला, मुळं उघडी पडलेली, दगड पाट्यासारखे घासून गुळगुळीत झालेले. आपणही पहिल्या फेरीतल्या राहिलेल्या नसतो. तोच डोंगर पुन्हा पुन्हा चढायचा म्हणजे कंटाळा, असं बाहेरच्यांना वाटतं. आत असलेलीला ठाऊक असतं की दर खेपेला चढणारीही वेगळी असते आणि चढही.

हा खेळ जुना नाही. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्सजवळच्या डोंगरावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकली घड्याळ लावून उतारावर सोडल्या. मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस ब्रेकच्या उष्णतेने जळून धूर व्हायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यांच्याकडे ना फेऱ्या होत्या ना वजाचं चिन्ह. उतार होता आणि सोबती होते. १९९० मध्ये ड्युरँगोला या खेळाचं पहिलं अधिकृत जागतिक अजिंक्यपद झालं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला. वीस वर्षांत मौजेचा खेळ पदकांपर्यंत पोचला. मग पदकांचं ओझंही आलं.

ते ओझं किती असतं, हे मला येनी रिसवेड्सच्या गोष्टीने सांगितलं. स्वीडनच्या फालूनची ही मुलगी २०१६ साली रिओमध्ये बावीस वर्षांची असताना ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकली. त्यानंतर जग तिच्याकडून पुढच्या विजयाची वाट पाहत असताना ती नैराश्यात गेली. शर्यती थांबल्या. मोठा, पैसेवाला संघ तिने सोडला. मग परतली ती स्वतःच्या छोट्या संघासह, आणि त्या संघाला नाव दिलं 'टीम ३१'. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं एकतिसावं कलम प्रत्येक मुलाला विश्रांतीचा, मोकळ्या वेळेचा आणि खेळण्याचा हक्क देतं. जगातली सर्वोच्च शर्यत जिंकून झाल्यावर या मुलीला सर्वांत मोलाचं काय वाटलं, तर मुलांचा नुसतं खेळण्याचा हक्क. २०१९ मध्ये लेंझरहाईडला ती विश्वचषकाची शर्यत जिंकली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने कांस्य मिळवलं. माझ्या लेखी ते कांस्य तिच्या सुवर्णापेक्षा मोठं आहे. सुवर्णपदक तिने दुसऱ्यांच्या पुढे जाऊन मिळवलं, कांस्यासाठी ती आधी स्वतःपाशी परतली.

स्वित्झर्लंडचा निनो शुर्टरही मला याच वाटेवरचा वाटतो. २००८ ला बीजिंगमध्ये कांस्य, २०१२ ला लंडनमध्ये यारोस्लाव कुल्हावीच्या मागे अवघ्या एका सेकंदाने रौप्य, आणि २०१६ ला रिओत सुवर्ण. मधली चार वर्षं तो त्या एका सेकंदासह जगला आणि तरी दर सकाळी डोंगरावर गेला. पॅरिसमध्ये टॉम पिडकॉकचं चाक भर शर्यतीत पंक्चर झालं. चाक बदलून तो मागे पडला तरी एकेकाला गाठत पुढे आला आणि शेवटच्या फेरीत जिंकला. शर्यत हातची गेली असं वाटतं तेव्हाही वाट समोर असते आणि पाय फिरत असतात, एवढंच या थोरांनी मला शिकवलं.

आपल्याकडे हा खेळ अजून धडपडतो आहे. राष्ट्रीय स्पर्धांत टाइम ट्रायल आणि मास स्टार्ट होतात, हिमाचलपासून केरळपर्यंतची मुलं येतात. संगमनेरच्या प्रणिता सोमणचं नाव महाराष्ट्रातल्या मुली कौतुकाने घेतात, कारण तालुक्याच्या गावातून निघून राष्ट्रीय पदकापर्यंत जाता येतं हे तिने दाखवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळच्या पोनमुडीला, चहामळ्यांच्या डोंगरात आशियाई अजिंक्यपद झालं आणि चीन, जपानची मुलं कशी सायकल चालवतात ते आपल्या मुलांनी जवळून पाहिलं. ऑलिंपिकच्या माउंटन बाईक शर्यतीत मात्र आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. सायकलीच्या किमती हे एक कारण. कार्बनच्या हलक्या फ्रेमची, दोन्हीकडे शॉकअप असलेली सायकल कित्येक घरांच्या वर्षाच्या कमाईएवढी असते. पण दुसरं एक कारण आपल्या हातातलं आहे, आणि ते मला त्या ८० टक्क्यांच्या रेघेपाशी उभं राहून कळलं.

पंच बाहेर काढतात त्या मुली लगेच घरी जात नाहीत. ट्रॅकच्या फितीपाशी धुळीने माखलेल्या उभ्या राहतात आणि आत राहिलेल्यांना ओरडून ओरडून बळ देतात. मणिपूरची मुलगी साताऱ्याच्या मुलीला हिंदीत सांगते, "बायें से ले, बायें से!" तिथे कुणी कुणाला वजा धरत नाही. मला त्या फितीपाशी मिळालेली माणसं आजही माझी आहेत. पण ओरडून झाल्यावर एकेकीच्या चेहऱ्यावर जे उतरायचं, तेही मी पाहिलं आहे. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास, वर्षभराचा सराव, आणि ट्रॅकवर जेमतेम अर्धा तास. जिला डोंगराची सर्वांत जास्त गरज, तिलाच तो सर्वांत कमी मिळतो. जिंकणारी पाच फेऱ्या मारून आणखी तयार होते, हरणारी दोन फेऱ्यांवर घरी जाते, आणि पुढच्या वर्षी दोघींतलं अंतर आणखी वाढलेलं असतं. त्या अंतरात किती मुली सायकल सोडून देतात, याची नोंद कुठल्याच निकालपत्रात नसते.

म्हणून जिल्ह्यात, तालुक्यात, शाळेत माउंटन बाईकच्या शर्यती भरवणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं मागणं आहे. जागतिक स्पर्धांत ८० टक्क्यांचा नियम राहू द्या, तिथे त्याचं काम आहे. लहान गटांना मात्र तो लावू नका. ट्रॅक अरुंद असेल तर वळसा लहान करा, मुलांना छोट्या गटांत सोडा, किंवा विजेते पोचल्यावर बाहेर काढलेल्यांसाठी ट्रॅक पुन्हा उघडा आणि त्यांच्या उरलेल्या फेऱ्या त्यांना पुऱ्या करू द्या. शेवटची मुलगी येईपर्यंत घड्याळ चालू ठेवा आणि तिची वेळ लिहा. बक्षीस समारंभाला तासभर उशीर झाला तरी चालेल. बालहक्कांच्या त्या करारात भारतही १९९२ मध्ये सामील झाला आहे, एकतिसावं कलम आपल्याही मुलांचं आहे. त्यांना डोंगर पुरता चढू द्या.