हत्तीची सोंड आणि धारवाडची सुई

डिसेंबर संपत आला की ऑफिसच्या लंच टेबलवर एकच विषय रंगतो. संक्रांतीला काळं काय घालायचं? कुणी जॉर्जेट म्हणतं, कुणी कुर्ता, कुणाला सेलमधला ड्रेसच बरा वाटतो. पूर्वी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असायचं. चंद्रकळा! नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी आणि वर काटेरी हलव्याचे दागिने. मंद आचेवर साखरेचा पाक थेंबाथेंबानं सोडत, हातानं हलवत तो काटा यायचा. आता आपण दागिने तयार आणतो, ते ठीकच आहे. साडीचं मात्र मला वाईट वाटतं.

आजीचं माहेर धारवाडकडचं, त्यामुळे तिच्या चंद्रकळेच्या पदराजवळ गोपुरं, तुळशीवृंदावनं आणि हत्ती भरलेत. हीच ती कसुती. पण कापड घड्यांवर विरलंय. उलगडलं की दर वेळी थोडं आणखी जातं. म्हणून एका वीकएण्डला साडी उशीच्या अभ्र्यात गुंडाळली आणि निघालो. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत साधारण चारशे किलोमीटर.

धारवाड म्हणजे पेढा, हे सगळ्यांना माहीत असतं. लाइन बझारातला तो खरपूस, तपकिरी पेढा खाल्ल्याशिवाय इथून कुणी हलत नाही. गाव मल्लिकार्जुन मन्सूरांचं. झाडं भरपूर, घाई कमी, आणि मराठी बोललात तर अर्ध्या दुकानांत मराठीतच उत्तर येतं. जुन्या वस्तीतल्या ज्या अक्कांकडे मला पाठवलं होतं, त्यांनी आधी चहा दिला आणि मग साडी थेट उलटी केली.

‘‘सुलट काय बघायचं? पाठ बघ की!’’

कसुतीचे टाके चार. गवंतीत एक टाका घ्यायचा, एक जागा सोडायची, आणि परतीच्या वाटेवर सोडलेल्या जागा भरायच्या. मुरगी म्हणजे तेच, पण पायऱ्यापायऱ्यांनी. हे दोन्ही मागून-पुढून सारखेच दिसतात, आणि सुरुवातीला गाठ मारायचीच नाही! नेगी विणल्यासारखी दिसते, तर मेंथी म्हणजे आपला फुली टाका; नाव मेथीवरून. मशीनची नक्कल ओळखायची तर कापड उलटायचं. बॉबिनचा दोरा लगेच चुगली करतो.

आणि खरी भानगड पुढेच आहे. आपल्याकडच्या भरतकामात कार्बन पेपर ठेवून नक्षी उतरवायचे. इथे छापा नाही, पेन्सिल नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि भरायचं, बस. नक्षी एका साडीवरून दुसऱ्या साडीवर डोळ्यांनीच जाते. म्हणजे साडी फाटली, तर पुस्तकाचं पानच गेलं ना! (एक्सेलच्या चौकटी रंगवून हे मस्त जमतं. ऑफिसात ट्राय करू नका, बॉसला कळतं.) हल्ली धागे मोजता येत नाहीत अशा तलम रेशमावर वर कॅनव्हास टाचून भरतात आणि मग त्याचे धागे एकेक ओढून काढतात. एका साडीला महिने लागतात. त्यामुळे दुकानात किंमत ऐकून भुवया उंचावण्याआधी तेवढा हिशेब करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘‘हे रफू होणार नाही,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘दोरा पक्का आहे, कापड गेलंय. मोजून घेऊ.’’

मग दुपारभर भिंग, टाचण्या आणि ग्राफपेपर. त्या मोजायच्या, मी चौकोन भरायचे. गोपुराचा डावा कोपरा गळलेला होता, पण उजवा शाबूत. त्याला आरशात बघितल्यासारखं उलटं केलं की झालं. वृंदावनाचंही तसंच. हत्तीपाशी मात्र अडलो. हत्तीला डावं-उजवं सारखं कुठून असणार? आणि भोक नेमकं सोंडेवर.

अक्कांनी त्यांच्या आईच्या साडीतला हत्ती काढला, दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या, ‘‘सोंड मी घालते. पण लाल पेन्सिल दे. तुझ्या आजीचं कुठं संपलं आणि माझं कुठं सुरू झालं, ते पुढच्या भरणारीला कळू दे.’’

एकूण तेवीस चौकोन लाल आहेत.