गंगापूरच्या पाण्यावर वेगाची मोजदाद

आषाढातील एका सकाळी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांसमवेत गंगापूर धरणाकडे प्रस्थान ठेवले, ते एका वादाचा निकाल लावण्यासाठी. शिडाच्या लहान नौकांपैकी सरळ रेषेत सर्वांत वेगवान कोणती, हा तो वाद. ज्या गावची नदीदेखील जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वसमुद्राची वाट धरते, तेथल्या रहिवाशांनी असल्या भानगडीत का पडावे, अशी शंका कोणी काढील तर ती रास्तच म्हणावी लागेल.

राघोबादादांच्या आनंदीबाईंचे नाव मिरवणारी आनंदवल्ली मागे पडली आणि सोमेश्वरापाशी फेसाळणारी गोदावरी दिसू लागली, तोवर आमचे स्नेही आंग्र्यांच्या गलबतांपर्यंत पोहोचले होते. वारा पडला असता वल्ह्यांवर धावून जड जहाजांना गाठणारी ती चपळ गलबते हीच वेगाची परमावधी, असा त्यांचा आग्रह. मी त्यांना म्हटले की, पाणी कापीत जाणाऱ्या नौकेचा वेग तिच्या लांबीने जखडलेला असतो. आपणच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात ती अडकते, आणि सोळा फुटी होडीला साधारण साडेपाच नॉटच्या पुढे जाणे जड जाते. त्यापुढचा वेग हवा असेल तर नौकेने पाण्यावर उचलले गेले पाहिजे.

मातीच्या त्या विस्तीर्ण धरणावर उभे राहिलो तेव्हा पश्चिमेचा वारा उपरणे हिसकावीत होता आणि बांधाच्या दगडी अस्तरावर लाटा आपटत होत्या. मी हर्षाने म्हणालो, शर्यतीस याहून उत्तम स्थळ कोणते? स्नेह्यांनी मान हलविली. "अहो, वाऱ्याला पाण्यावर जितकी लांब धाव, तितकी लाट मोठी. इथे तुमची नाव उड्या मारील, धावणार नाही. वारा जिकडून येतो त्या काठाशी चला."

त्यांच्या या एका वाक्यात वेगचाचण्यांचे अर्धे शास्त्र होते. जोरदार वारा आणि सपाट पाणी ही विसंगत जोडी जेथे एकत्र येते, तेथेच विक्रम घडतात. 1972 मध्ये इंग्लंडच्या पोर्टलंड बंदरात साठ फुटी 'क्रॉसबो' 26.3 नॉटने धावली व 1980 मध्ये तिच्या धाकट्या बहिणीने 36 नॉट गाठले. परंतु 1986 मध्ये पास्कल माका नामक फ्रेंच गड्याने शिडाच्या एका फळीवर उभे राहून 38.86 नॉटची नोंद केली आणि मोठ्या नौकांचा मान हरपला. पुढे पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळ्यांनी पन्नासची सीमा ओलांडली. 24 नोव्हेंबर 2012 रोजी नामिबियातील वॉल्व्हिस बे येथे पॉल लार्सनने 'सेलरॉकेट 2' ही नौका 500 मीटरांच्या अंतरात सरासरी 65.45 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 121 किलोमीटरने, वाऱ्याच्या दुपटीहून अधिक वेगाने धावडविली. पन्नास नॉटच्या आसपास नौकेच्या पाण्याखालील पात्याभोवतीचा दाब इतका उतरतो की पाणी उकळू लागते आणि पात्याची पकड सुटते. 'सेलरॉकेट 2'च्या पात्याची घडण पाचरीसारखी करून त्यामागे हवा खेळू दिल्याने ती अडचण टळली.

आमच्याच जिल्ह्यातील चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दोन हजार मीटर एकट्याने वल्हवून तेरावे आले. ते अंतर सुमारे सात मिनिटांचे. लार्सनच्या नौकेला पाचशे मीटरांस पंधरा सेकंदही लागले नाहीत. माणसाचा दम आणि वाऱ्याची ताकद यांतील अंतर यावरून ध्यानी यावे.

जलाशयाच्या वरच्या अंगाला खरोखरच पाणी शांत होते. तेथे जाळे उपसणाऱ्या एका कोळ्याने बांबूच्या टोकाला फडके बांधले होते. क्षणात ते ताठ उभे राही, क्षणात लोंबकळे. तो म्हणाला, "काका, इथला वारा लबाड. डोंगरावरून उतरतो अन् मधीच दम धरतो." विक्रमाची मोजणी पाचशे मीटरांच्या सरासरीवर होते, मध्येच वाऱ्याने दगा दिला की आधीचा वेग मातीमोल. म्हणूनच फ्रान्समध्ये सँत-मारी-द-ला-मेर येथे आणि नामिबियात ल्युडरिट्झ येथे केवळ या धावेसाठी किनाऱ्यालगत कालवे खणले गेले.

परतताना स्नेही म्हणाले, "आमच्या खात्याने आयुष्यभर कालवे काढले, ते उसाला अन् द्राक्षांना पाणी देण्यासाठी. शर्यतीसाठी कालवा मागितला असता, तर वरिष्ठांनी फाइल नव्हे, आम्हालाच बंद केले असते." गलबतांचा पक्ष त्यांनी आनंदवल्लीच्या अलीकडेच सोडून दिला होता, मीही मान्य केले की सर्वांत वेगवान नाव कोणती, याचे उत्तर नावेइतकेच काठावरही अवलंबून असते.