पेट्रोल बदललं, नळ्याही बदलल्या

आमच्या १९७१च्या एमजीबीत पेट्रोल टाकीपासून इंजिनापर्यंत येतं ते बहुतेक धातूच्या नळीतून. रबर फक्त चार ठिकाणी आहे. टाकी आणि पंप यांच्यामध्ये, पंपाच्या लगेच पुढे, धातूची नळी कार्बोरेटरला मिळते तिथे, आणि दोन एसयू कार्बोरेटरांच्या मध्ये. चारही तुकडे एकापुढे एक ठेवले तर अडीच-तीन हात भरतील. इंजिन सुरू झालं की थरथरतं, गाडीचा सांगाडा मात्र जागच्या जागी असतो. या दोघांमधला हिसका सोसायला काहीतरी लवचिक हवंच, म्हणून हे रबर. या इंजिनात पेट्रोल-हवा आत जायची वाट आणि धूर बाहेर पडायची वाट, दोन्ही डाव्या बाजूलाच आहेत. कार्बोरेटरच्या खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, मध्ये पत्र्याचा एक आडोसा. पुढची नळी ठिबकली तर थेंब तापलेल्या लोखंडावर पडायला फार अंतर नाही.

गाडी माझ्या सासऱ्यांची. दिल्लीतल्या एका दूतावासातल्या अधिकाऱ्याने ती आणली होती. त्याची बदली झाल्यावर ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे गेली आणि तिथून बाबांनी घेतली. त्या काळात सरकारी नोकरीतल्या माणसाला परदेशी गाडी मिळण्याच्या ज्या मोजक्या वाटा होत्या, त्यांतली ही एक. आता आम्ही गुरुग्रामला राहतो आणि गाडीला नव्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची पाटी आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी हे नियम काढले: नोंदणी दहा वर्षांची, शुल्क वीस हजार रुपये, आणि गाडी रस्त्यावर काढायची ती रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यासाठी, रोजच्या वापरासाठी नाही. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना दिल्लीत थारा नसताना आमच्यासारख्यांना या नियमांनी मोठाच आधार दिला. पण त्याचा एक परिणाम असा की या गाड्या वर्षाचा बहुतेक काळ उभ्या असतात. हिवाळ्यात प्रदूषण वाढलं आणि निर्बंधांचा तिसरा टप्पा लागला, की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा इथे जुन्या मानकांच्या पेट्रोल गाड्या बाहेर काढता येत नाहीत. रबराला चालत्या गाडीपेक्षा उभी गाडी जास्त जड जाते, हे मला हळूहळू कळत गेलं.

मी मिरजेची. २००१मध्ये पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळून पाहण्याचे पहिले प्रयोग देशात ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांत मिरज होतं. दुसरं मनमाड आणि तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं आंवला. माझ्या मामांचा ऊस आजही कारखान्याला जातो आणि कारखान्याला इथेनॉलचे पैसे आले की उसाचं बिल लवकर निघतं, हे मी माहेरी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे इथेनॉलला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल निवडक पंपांवर आलं आणि २०२५पर्यंत ते देशभर पसरलं. मुळात हे लक्ष्य २०३०चं होतं. एप्रिल २०२३पासूनच्या नव्या गाड्यांत त्याला टिकणारं रबर आणि प्लॅस्टिक असतं. आमची गाडी त्याच्या बावन्न वर्षं आधीची. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांपर्यंतचं महागडं पेट्रोल पंपांवर वेगळं ठेवलं गेलं. तसा पर्याय आपल्याकडेही राहायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. जुनी मोटारसायकल चालवणारा पोस्टमन आणि जुनी फियाट जपणारे पेन्शनर यांचाही तो प्रश्न आहे.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडं आतलं सांगते. पेट्रोलच्या नळ्यांसाठी त्या काळापासून वापरात आहे ते मुख्यतः नाइट्राइल रबर. त्याचे रेणू ध्रुवीय आणि पेट्रोलचे नाहीत, त्यामुळे पेट्रोल त्यात सहज शिरत नाही. इथेनॉल मात्र ध्रुवीय आहे. ते रबरात वाट काढतं आणि पेट्रोललाही सोबत नेतं. नुसत्या पेट्रोलमध्ये किंवा नुसत्या इथेनॉलमध्ये हे रबर जितकं फुगत नाही, तितकं दोन्हींच्या मिश्रणात फुगतं. रबर मऊ राहावं म्हणून बनवताना घातलेले तेलकट पदार्थ याच वाटेने बाहेर निघून जातात. मग गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, नळीतलं पेट्रोल उडून जातं, रबर सुकतं, आक्रसतं आणि चिरतं. पुन्हा पेट्रोल भरलं की पुन्हा फुगतं. त्यात दिल्लीचा मे-जून; पंचेचाळीस अंशांत बंद गॅरेजमध्ये काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे पहिली खूण मिळाली ती बाबांच्या कानांमुळे. एसयूचा विजेवर चालणारा पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो. किल्ली फिरवली की तो टकटक करत कार्बोरेटरची भांडी भरतो आणि भरली की थांबतो. इंजिन बंद असताना तो पुन्हा टकटकला, तर पेट्रोल कुठेतरी जातंय किंवा हवा कुठूनतरी शिरतेय.

“ऐकलंस का? थांबत नाहीये,” बाबा म्हणाले.

“कार्बोरेटरची सुई गळत असेल, बाबा.”

“मग वरून पेट्रोल सांडलं असतं. पुढे सगळं कोरडं आहे. तू मागून बघ.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पंपाच्या पुढच्या नळीत दाब असतो, तिथे चीर पडली तर ठिबकतं. टाकी आणि पंपामधल्या नळीत मात्र ओढ असते; तिथली चीर ठिबकेलच असं नाही, ती हवा आत घेते. पंप हवा ओढत राहतो आणि टकटक थांबत नाही. पंपाच्या आतल्या झडपा झिजल्या तरी असंच होतं, पण नळी तपासणं सोपं, म्हणून आधी नळी.

करोल बागेतले आमचे उस्ताद आले. त्यांनी नळी दोन बोटांत दाबली, वाकवली आणि म्हणाले, “अभी जान है इसमें, मॅडम.” वरून पाहता खरंच तसं होतं. तारेच्या जाळीचं वेष्टन चकचकीत, कुठे ओल नाही. पण जाळीखालचं रबर बाहेरून दिसतच नाही. मी कोरडा पांढरा कपडा नळीभोवती घट्ट गुंडाळला, थोड्या वेळाने काढून हुंगला. पेट्रोलचा वास होता. नळी कधी बसवली, हे बाबांना आठवलं ते मुलाच्या कॉलेजच्या वर्षांवरून. म्हणजे तिने वीस वर्षं कधीच ओलांडली होती. एवढ्यावर मी ती काढायचं ठरवलं.

काढून उभी चिरली तेव्हा उस्ताद काही वेळ बोललेच नाहीत. आतला थर सालीसारखा सुटला होता. त्याची एक पापडी वाहत्या पेट्रोलला निम्मी आडवी आली होती, आणि बोटाने घासलं की काळा भुगा निघत होता. पुढच्या कार्बोरेटरचं भांडं उघडलं तर तळाशी तसेच काळे कण. “बाकी तीनों भी निकालो,” उस्तादच म्हणाले.

नव्या नळीसाठी मी काश्मीरी गेटला गेले. तिथल्या गल्ल्यांत गाडीचा मिळणार नाही असा सुटा भाग शोधावा लागतो. दुकानदाराने आधी विचारलं, “असली चाहिए या चलनेवाला?” चलनेवाल्या नळीच्या गुंडाळीवर एक अक्षर छापलेलं नव्हतं. दुसरीवर बनवणाऱ्याचं नाव, बनल्याचं वर्ष आणि ‘एसएई जे३० आर९’ हे मानक छापलेलं होतं. या मानकातल्या आर६, आर७ या नळ्या कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी; आर९ ही इंजेक्शनच्या दाबासाठी, आणि तिच्या आतल्या थरात फ्लुओरिन असलेलं रबर येतं, ज्याला इथेनॉल फारसं भेदू शकत नाही. आर१४ ही वाफ कमी झिरपावी म्हणून बनवलेली. आमच्या पंपाचा दाब जेमतेम तीन पीएसआय, म्हणजे दाबासाठी आर९ची गरज नाही; मला ती हवी होती आतल्या थरासाठी.

दोन्ही नळ्यांचे तुकडे घेतले. वाफ कोंडू नये इतपत सैल झाकण लावून, गच्चीवर सावलीत, घरापासून दूर, पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दोन बरण्यांत बुडवून ठेवले. आधी दोन्हींची जाडी व्हर्नियरने मोजून लिहिली होती. काही आठवड्यांनी चलनेवाल्या तुकड्याच्या बरणीतलं पेट्रोल काळ्या चहाच्या रंगाचं झालं होतं आणि तुकडा फुगून बोटांना चिकटत होता. आर९चा तुकडा मोजला तर फरक काट्याला जेमतेम जाणवला, पेट्रोल होतं तसंच. नंतर हे दोन्ही तुकडे मी वर्गात नेले. त्या दिवशी ध्रुवीय आणि अध्रुवीय हा धडा मुलांना वेगळा शिकवावा लागला नाही.

काम आम्ही सकाळी उघड्या अंगणात केलं, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. म्हणून ज्या गॅरेजमध्ये खड्ड्यात उतरून काम करतात तिथे हे काम मी करू देत नाही. बॅटरीच्या तारा आधी सोडल्या, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवलं, उजेडासाठी तारेचा बल्ब न घेता एलईडी टॉर्च घेतला. जुन्या नळ्या ओढून काढायच्या नाहीत. तोंडाशी उभी चीर देऊन सोलून काढायच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या पितळी तोंडावर जोर येत नाही. नवी नळी धारदार पात्याने सरळ कापायची. पकडीने कापली तर कड चेपते आणि रबराचे कण आत राहतात. क्लिपांवर माझा विशेष कटाक्ष होता. बाजारातल्या नेहमीच्या क्लिपांच्या पट्टीला खाचा असतात आणि आवळलं की त्या रबरात रुततात. वर्षभरात तिथूनच चीर सुरू होते. कड वळवलेल्या गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा चार पैसे जास्त देऊन घ्याव्यात. क्लिप नळीच्या टोकाला न लावता धातूच्या तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसवायची.

जोडणी झाल्यावर बाबांनी किल्ली फिरवली. पंप भराभर टकटकला, मंदावला आणि थांबला. आम्ही तिघं कोरडे कागद घेऊन प्रत्येक सांध्याखाली बसलो. गाडी तापून पुन्हा थंड झाल्यावर क्लिपा परत तपासल्या. नवं रबर थोडं बसतं, दोन क्लिपा चिमूटभर आवळाव्या लागल्या.

तेव्हापासून कुणाचीही जुनी गाडी दिसली की मी नळीवरचं वर्ष विचारते. १९६४पासून भरणाऱ्या स्टेट्समनच्या रॅलीत रंग, क्रोम आणि चामड्याच्या सीटांवर लोक किती जीव लावतात! त्यातला थोडा जीव या काळ्या तुकड्यांवरही लावावा, असं मी प्रत्येकाला सांगते. नव्वदच्या दशकातल्या इंजेक्शनच्या स्पोर्ट्स कार ज्यांच्याकडे आहेत, त्यांना तर जास्तच आग्रहाने. तिथे दाब अडीच-तीन बार असतो. चीर पडली तर पेट्रोल ठिबकत नाही, फवारतं. आणि टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या नळीला आर९ चालत नाही, तिथे आर१०च लागते. आतून-बाहेरून दोन्हीकडून पेट्रोल सोसणं ही वेगळी गोष्ट आहे.

आमचं काम अजून पुरतं झालेलं नाही. टाकीच्या तोंडाशी, पेट्रोल भरतो तिथे, एक जाड आखूड रबरी नळी असते. ती मोठ्या व्यासाची, काश्मीरी गेटला त्या मापाची इथेनॉल सोसणारी मिळाली नाही. भाचा डिसेंबरमध्ये लंडनहून येताना आणणार आहे. जुनी हाताला कडक लागते, पण अजून चिरलेली नाही. ती बदलेपर्यंत टाकी निम्म्याच्या वर भरायची नाही, असं बाबांनी आणि मी ठरवलं आहे, आणि पंपावर “फुल कर दूँ?” असं विचारलं की बाबा आधीच हात वर करतात.