पानदानातली जाहिरात

दरवर्षी मी नववी-दहावीच्या मुलांना जाहिरात-लेखन शिकवतो. शब्द मोजके हवेत, नजर खिळली पाहिजे, सवलत ठळक दिसली पाहिजे. एखादा विचारतो, "सर, आमच्या तेलाने आठ दिवसांत केस येतात, असं लिहू?" वर्ग हसतो, मीही हसतो आणि गुण देतो. इतक्या वर्षांत एकाही मुलाला मी विचारलं नाही, "हे खरं आहे का रे?"

हा प्रश्न अम्मीमुळे माझ्यापुढे उभा राहिला. तिला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. मागच्या वर्षी वर्तमानपत्रात घालून एक पत्रक आलं. कलौंजीचं चूर्ण. वर हिरवा घुमट, खाली मजकूर: शुगर नव्वद दिवसांत मुळापासून बरी, गोळ्या कायमच्या बंद, गुण न आल्यास पैसे परत. ते पत्रक मीही पाहिलं होतं आणि न वाचता बाजूला टाकलं होतं. अम्मीने ते उचललं, शेजारच्या मुलाकडून फोन लावून घेतला आणि तीन डबे मागवले. 4,500 रुपये, ईदीतून साठवलेले.

मग तिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. आम्हाला सांगितलं नाही. दीड महिन्याने फजरच्या वेळी वुजू करताना ती कोसळली. दवाखान्यात शुगर 400च्या वर निघाली. शुद्धीवर आल्यावर मी जरा चिडूनच विचारलं, तर म्हणाली, "बेटा, छपके आया था. झूट कैसा होंगा?"

छापलेलं ते खरं, हे तिला कोणी शिकवलं? आम्ही मास्तरांनीच.

विक्रेत्याला फोन केला. उत्तर आलं, "परहेज नीट पाळलं नसेल." अम्मी म्हणाली, जाने दे, लोक हसतील. अशा विक्रेत्यांचा धंदा आपल्या याच लाजेवर चालतो. कलौंजीवर आपल्या लोकांची श्रद्धा आहे, म्हणूनच तिचं नाव डब्यावर होतं. मापात मारणाऱ्यांना कुरआनात एक अख्खी सूरा खडसावते, अल-मुतफ्फिफीन. ती पाठ असलेल्या घरात आपण फसवणूक मात्र मुकाट गिळतो.

मी कायदा वाचायला बसलो. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे चूर्णात काय होतं हा पुढचा प्रश्न, ते पत्रक छापणंच गुन्हा होता. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, लागू झाला जुलै 2020 मध्ये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं. पडद्यावर येऊन वस्तूची भलामण करणारा नटही यातून सुटत नाही.

1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुरावा? अम्मीने पत्रक घडी करून पानदानात जपलं होतं, रिकामे डबेही होते. पैसे भरल्याचा निरोप शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर सापडला. दीड महिन्याने 4,500 रुपये परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो असतो. आपण राहतो त्या जिल्ह्यात तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, वकील सक्तीचा नाही आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

पैसे आले त्याच्या पुढच्या महिन्यात तेच पत्रक पुन्हा पेपरातून घरात पडलं. आमचं तोंड बंद झालं होतं, धंदा चालूच होता. अशा जाहिरातीची लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते. मी ती केली, एक प्रत अन्न व औषध प्रशासनाला दिली. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहे.

वर्गात आता जाहिरात लिहून झाली की मुलं वह्या अदलाबदल करतात. ज्या दाव्याला पुरावा लागेल त्याच्याखाली शेजाऱ्याने रेघ मारायची. रेघा खूप पडतात.

तुमच्याही घरात कुठेतरी असं एखादं पत्रक जपून ठेवलेलं असेल. एकदा विचारून बघा. आणि गोळ्या चालू आहेत ना, तेही.